बिरवाडीचा विंचू आणि त्रेसष्ट सेकंद

३ ऑगस्ट २०२५. श्रावणातला रविवार, आणि गणेश चतुर्थी जेमतेम साडेतीन आठवड्यांवर आलेली. रायगडमधल्या पेण तालुक्यात हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत या दिवसांत दिवस-रात्र सारखेच असतात. एकीकडे डोळ्यांची आखणी चाललेली, दुसरीकडे मुंबई-ठाण्याकडे जाणारे टेम्पो भरत असतात. त्याच पहाटे पेण, वडखळ, नागोठणे, रोहा इथल्या काही घरांतून तरुण मुलं-मुली वेगळ्याच कामाला बाहेर पडली. हातात प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीची प्रत. सोबत आई नाहीतर वडील. मुलं पंचवीस-सत्तावीस वर्षांची. नावाआधी ‘डॉक्टर’ लागून वर्ष-दोन वर्षं झालेली. सकाळी नऊ ते साडेबारा या वेळेत देशातल्या ३०१ शहरांत १,०५२ केंद्रांवर मिळून सुमारे २ लाख ४२ हजार डॉक्टरांची ही परीक्षा होती. नाव ‘नीट-पीजी’.

बारावीनंतरची ‘नीट’ आता घरोघर माहीत झाली आहे. एमबीबीएसनंतरच्या या दुसऱ्या ‘नीट’बद्दल मात्र ज्या घरात डॉक्टर आहे त्या घराबाहेर फारसं कोणी बोलत नाही. बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, सर्जन, काहीही व्हायचं असलं तरी दार हेच. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांची ‘आयएनआय-सीईटी’ वर्षातून दोनदा वेगळी होते. बाकी सगळा देश या एका परीक्षेतून जातो. आणि तिच्या तयारीचा कोर्स लावणं हा आता एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचाच न छापलेला भाग झाला आहे. तो कोर्स काय असतो, तो लावणारी मुलं काय सोसतात, आणि त्यातून निघालेली वाट पेण-रोह्याच्या रुग्णालयापर्यंत परत येते का, हे मला समजून घ्यायचं होतं.

कोर्स लावायचा म्हणजे

आधी परीक्षेचं स्वरूप. विषय एकोणीस. शरीररचनाशास्त्रापासून भूलशास्त्रापर्यंत साडेचार वर्षांत जे जे शिकवलं ते सगळं. प्रश्न २००, गुण ८००. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे पाच भाग केले आहेत. प्रत्येकात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. एका भागाची वेळ संपली की तो बंद होतो, मागे जाता येत नाही. हिशेब केला तर एका प्रश्नाला त्रेसष्ट सेकंद मिळतात. तेवढ्यात रुग्णाची पाच-सहा ओळींची हकिकत वाचायची, कधी एक्स-रे नाहीतर त्वचेचा फोटो पाहायचा आणि चारांतला एक पर्याय निवडायचा.

एवढ्या मोठ्या पसाऱ्याचा अभ्यास पाठ्यपुस्तकांवरून करायला कोणाला वेळ नसतो. म्हणून कोर्स. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोह्याच्या मुलाला कोर्स लावायचा तर मुंबईत खोली घ्यावी लागे. दिल्लीच्या संस्थांचे प्राध्यापक शनिवार-रविवारी येऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक विषय संपवत, आणि ज्यांना ते परवडत नसे ते झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स मिळवत. गेल्या आठ-नऊ वर्षांत हे सगळं मोबाइलमध्ये आलं. मॅरो, प्रेपलॅडर, दिल्लीच्या जुन्या संस्थांची स्वतःची ॲप. वर्गणी मुदतीवर ठरते, काही हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि पुढेही. वर अठरा टक्के जीएसटी. त्या पैशात शेकडो तासांचे व्हिडिओ, छापील नोट्स, हजारो प्रश्नांची ‘क्यू-बँक’ आणि ठरावीक रविवारी होणाऱ्या सराव परीक्षा, म्हणजे ‘ग्रँड टेस्ट’, मुलांच्या बोलीत ‘जीटी’. जीटी झाली की देशभरातल्या मुलांत आपला क्रमांक कितवा, ते पडद्यावर येतं. त्या आकड्यावर पुढचा आठवडा कसा जाणार ते ठरतं.

रोहा तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात एमबीबीएसनंतरची बंधपत्राची सेवा करणारी एक तरुण डॉक्टर मला भेटली. “नाव छापू नका काका, नोकरी सरकारी आहे,” असं तिनं आधीच सांगितलं. क्वार्टरच्या खोलीत एक पलंग, एक प्लास्टिकचं टेबल, त्यावर टॅब आणि हायलायटरने पिवळ्या-गुलाबी झालेल्या नोट्सचा गठ्ठा. भिंतीवर एकोणीस विषयांचा तक्ता. काहींपुढे एक खूण, काहींपुढे तीन. तीन खुणा म्हणजे तिसरी उजळणी झाली. गावात नेटवर्क धड नसतं म्हणून ती रविवारी रोह्याला गेली की आठवड्याचे व्हिडिओ डाउनलोड करून आणते आणि रात्री दीडपट वेगाने ऐकते. “सरांचा खरा आवाज कसा आहे ते मला माहीतच नाही,” ती म्हणाली.

दिवसभर ओपीडी, दुपारी उपकेंद्राची फेरी नाहीतर आश्रमशाळेतली तपासणी, कधी लसीकरण, कधी पोलिसांनी आणलेली अपघाताची केस, कधी शवविच्छेदन. रात्री नऊनंतर अभ्यास. तोही दार वाजेपर्यंत.

तिच्या वर्गातल्या कितीतरी जणांनी दुसरा रस्ता धरला आहे. नोकरी नाही, दवाखाना नाही. वर्ष-दोन वर्षं फक्त अभ्यास. याला मुलं ‘ड्रॉप घेणं’ म्हणतात. पेणमध्येही अशी घरं आहेत. सकाळी आठ ते रात्री दहा अभ्यासिकेत बसायचं, डबा घरून यायचा. शेजारपाजारचे विचारतात, “डॉक्टर झालास ना रे? मग अजून कसला अभ्यास?” त्याला उत्तर देता देता आईवडील थकतात. देशाने ज्याच्यावर साडेपाच वर्षं खर्च केली, ज्याला नाडी बघता येते, टाका घालता येतो, बाळंतपण करता येतं, तो माणूस ऐन उमेदीत एकही रुग्ण न तपासता वर्ष काढतो. त्या मुलाचा यात दोष नाही. आपण लावलेल्या व्यवस्थेत शहाणपणाचा मार्ग तोच ठरतो.

परीक्षेवर राग नाही

ही परीक्षा का आली, तेही विसरता कामा नये. १९८० च्या दशकापर्यंत पदव्युत्तर प्रवेश आपापल्या विद्यापीठाच्या गुणांवर आणि हाउस जॉबवर होत. मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्याला मुंबईत, नागपूरच्याला नागपुरात. प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कुंपणं घातक ठरवली. त्यातून देशभरासाठी काही जागा खुल्या झाल्या आणि १९८८ पासून एम्सने त्यांच्यासाठी अखिल भारतीय परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या जागांसाठी महाराष्ट्राची वेगळी सीईटी, अभिमत विद्यापीठांच्या वेगळ्या, खासगींच्या वेगळ्या. एकेका मुलाला चार-पाच परीक्षांचे अर्ज भरत गावोगाव फिरावं लागे. त्यावर एकच परीक्षा म्हणून ‘नीट-पीजी’ पहिल्यांदा २०१३ च्या प्रवेशांसाठी झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला, आणि २०१७ च्या प्रवेशांपासून ती कायम झाली.

परीक्षेबद्दल आदर वाटावा असं रोह्याच्या मातीतच एक नाव आहे. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली; १९१८ साली लंडनमध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कोकणातल्या साध्या घराला ओळख नाही, वशिला नाही, पैसा नाही. तेव्हा कोरा पेपर हाच एक न्याय असतो. ते आजही खरं आहे. नीट-पीजीत पेणच्या मुलाचा प्रश्न आणि दिल्लीच्या मुलाचा प्रश्न एकच असतो, ही लहान गोष्ट नाही.

म्हणूनच ही परीक्षा नीट चालावी यासाठी मुलं भांडतात तेव्हा त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. कोविडच्या काळात २०२१ ची परीक्षा जानेवारीवरून एप्रिलवर आणि एप्रिलवरून ११ सप्टेंबरवर गेली. त्यानंतर समुपदेशन, म्हणजे जागावाटप, आरक्षणाच्या वादात इतकं अडकलं की डिसेंबरात दिल्लीतले निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. २३ जून २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली. तोवर मुलं परगावच्या केंद्रांच्या शहरांत जाऊन राहिली होती. ती ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली, आणि दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका मापात कसे आणले यावर वाद झाला. अखेर ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा एकाच सत्रात घ्यायला सांगितलं, आणि १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. प्रत्येक तारीख पुढे गेली की कोर्सची मुदत वाढवायची, खोलीचं भाडं भरायचं, लग्न पुढे ढकलायचं, नोकरी धरायची की नाही ते ठरवायचं. उमेदवाराच्या आयुष्यात ‘परीक्षा पुढे गेली’ या तीन शब्दांत एवढं सगळं असतं.

विंचवाचा प्रश्न

क्यू-बँकेत औषधशास्त्र नाहीतर विषशास्त्राच्या भागात हटकून सापडणारा एक प्रश्न आहे. लहान मुलाला विंचू चावला. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. कोणतं औषध द्याल? पर्यायांत ‘प्राझोसिन’ असतं. उत्तर तेच. पाठ करणाऱ्याला दहा सेकंदंसुद्धा पुरतात.

हे उत्तर रायगड जिल्ह्यातून गेलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, एमबीबीएस नागपूरचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात घराच्या भिंतीतून, लाकडाच्या ढिगातून, गवताच्या भाऱ्यातून बाहेर पडतो. त्याच्या दंशाने धडधाकट माणसं आणि मुलं मरत होती. पुस्तकात त्यावर नेमकं काही नव्हतं. बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब कधी चढला, कधी कोसळला, छातीत पाणी कधी भरलं. मृत्यू हृदय आणि फुप्फुसं निकामी झाल्याने होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा तर पुढे शिकलं पाहिजे, म्हणून त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून मेडिसीनमध्ये एम. डी. केलं. आणि परत महाड-पोलादपूरच्या भागात आले. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा त्यांनी विंचूदंशावर वापर केला. विंचवाचं विष शरीरात ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. गोळी दिल्यावर रुग्णाला उठू द्यायचं नाही, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. पूर्वी जिथे शंभरातले तीस-चाळीस गंभीर रुग्ण दगावत, तिथे ते प्रमाण एकावर आलं. २०११ साली बावस्कर दांपत्याची प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याबाबतची चाचणी ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही हकिकत विस्ताराने सांगितली, कारण तिच्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी रुग्ण आला, मग प्रश्न पडला, मग प्रश्नासाठी पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि उत्तर घेऊन माणूस रुग्णाकडे परत आला. आज आपण हा क्रम उलटा केला आहे. आधी उत्तर पाठ, मग जागा, मग विषय. रुग्ण सगळ्यात शेवटी. आणि तो रुग्ण पोलादपूरचा असेल याची शक्यता फारच थोडी.

रोह्याच्या त्या डॉक्टरला मी हा प्रश्न विचारला. ती हसली. “तो मला पाठ करावा लागला नाही. जूनमध्ये एक आजी नातवाला घेऊन आल्या, पहाटे चार वाजता. ‘मॅडम, पोराला इंचू डसला.’ पोरगं घामाने भिजलेलं, हात बर्फासारखे. सिस्टर म्हणाल्या, गोळी आहे आपल्याकडे. वजन केलं, गोळीचे भाग केले, दिली, आणि सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने बीपी बघत बसले. आता तो प्रश्न मी आयुष्यात चुकणार नाही.” त्या आठवड्यातली जीटी मात्र तिची बुडाली होती. जीटीच्या क्रमवारीत त्या रात्रीला जागा नाही.

‘रेफर’

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही एक शब्द रोज वापरावा लागतो, ‘रेफर’. बाई अडली आहे, सिझेरियन करायला हवं. स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, पण भूलतज्ज्ञ नाहीत; शस्त्रक्रिया होऊ शकत नाही. बाहेरच्या खासगी भूलतज्ज्ञांना फोन लावायचा. ते दुसऱ्या गावात केसवर असतील तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. रोह्याहून अलिबाग नाहीतर पनवेल गाठायचं म्हणजे पावसाळ्यात तास-दीड तास सहज जातो. पेणच्या पूर्वेकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून बाईला मुळात तालुक्यापर्यंत आणायलाच तेवढा वेळ गेलेला असतो.

हे एकट्या रायगडचं दुखणं नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत सामुदायिक आरोग्य केंद्रांना, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी ७९.५ टक्के कमी होते. सर्जन ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के, फिजिशियन ७९.१ टक्के, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी. याच काळात देशातल्या पदव्युत्तर जागा मात्र वाढत गेल्या. २०१४ पूर्वीच्या ३१,१८५ जागांवरून त्या आता सत्तर हजारांच्या पुढे गेल्या आहेत. जागा दुप्पट झाल्या, तज्ज्ञ वाढले, तरी ग्रामीण रुग्णालयातल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

याचं एक कारण निवडीच्या पद्धतीत आहे. गुणवत्ता यादीच्या माथ्यावरची मुलं दरवर्षी प्रामुख्याने रेडिओलॉजी आणि मेडिसीन उचलतात. दुसरीकडे शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांच्या जागा फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही उरतात. इतक्या की २०२३ साली पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. एका बाजूला एकेका गुणासाठी वर्षं घालवणारी मुलं, दुसऱ्या बाजूला कोणीही घ्या म्हणणाऱ्या जागा. परीक्षा क्रम लावण्याचं काम चोख करते. गावाला कोण हवं आहे, हे तिला विचारलेलंच नसतं.

जुनी वाट, नवी वाट

पूर्वी कोकणातल्या छोट्या शहरांना तज्ज्ञ मिळाले ते एका वेगळ्या वाटेने. परळला, केईएमच्या शेजारी, १९१२ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स आहे. ‘सीपीएस’ या नावाने ते डॉक्टरांत ओळखलं जातं. त्याच्या पदविका, बालरोगाची डीसीएच, स्त्रीरोगाची डीजीओ, भूलशास्त्राची डीए, घेतलेल्या डॉक्टरांनी पेण, रोहा, महाड, माणगाव इथे दवाखाने काढले आणि दोन पिढ्या सांभाळल्या. पेणमधल्या अशा एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांशी बोलत होतो. “आम्ही क्लास लावला नव्हता,” ते म्हणाले. “परळला मुलांच्या रुग्णालयात रात्रपाळी करायचो. जे पोर दिवसा पाहिलं त्याच्याबद्दल रात्री वाचायचं. परीक्षेत तेच लिहिलं आणि इथे येऊन तेच केलं.” सीपीएसच्या अभ्यासक्रमांच्या मान्यतेवर आणि दर्जावर मध्यंतरी बरेच वाद झाले, त्यात तथ्यही असेल. पण रुग्णालयात काम करता करता तज्ज्ञ होणं ही त्यातली कल्पना टाकून देण्यासारखी नव्हती.

ती कल्पना नव्या रूपात परत येते आहे, हे समाधानाचं आहे. २०२० साली राष्ट्रीय परीक्षा मंडळाने जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी चालतील असे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आठ विषयांत सुरू केले; भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग त्यांत आहेत. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणं बंधनकारक झालं, आणि २०२३ च्या नियमांनी त्यासाठीची किमान खाटांची अट पन्नासवर आणली, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणची रुग्णालयंही त्यात येऊ शकतात. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना वेगळ्या जागा ठेवता येतील, असं घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं. महाराष्ट्राने २०२२ मध्ये अशा २० टक्के जागा राखल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय टिकवला.

गावात सेवा करणाऱ्या त्या रोह्याच्या डॉक्टरसाठी ही खरी आशा आहे. पण बंधपत्राचं एकच वर्ष भरून तिला हा लाभ मिळत नाही. नियमित सेवेत ठरावीक वर्षं काढावी लागतात. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा नाहीतर दहा लाख रुपये, असा बंधपत्राचा हिशेब आहे. त्या वर्षात ती जे शिकली त्याला नीट-पीजीच्या गुणांत काहीच किंमत नाही. मग पैसेवाल्याला दहा लाख भरून अभ्यासिकेत बसणं सोयीचं वाटलं, तर नवल काय?

कोर्स लावणाऱ्यांसाठी

जी मुलं यंदा कोर्स लावणार आहेत, त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी थोडं.

एकच कोर्स घ्या. दोन-तीन ॲपच्या वर्गण्या भरून कोणाचाच पूर्ण होत नाही. एकाच नोट्सची तीनदा उजळणी केलेला पुढे जातो, हे रँक मिळवलेली मुलं एकमुखाने सांगतात. व्हिडिओपेक्षा प्रश्न सोडवण्याला जास्त वेळ द्या, आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा. जीटीचा क्रमांक हा निकाल समजू नका. कुठला विषय कच्चा आहे एवढंच तो सांगतो. पैसे भरण्याआधी मुदत नीट वाचा, कारण परीक्षेची तारीख पुढे जाण्याचा अनुभव आता नवा नाही. मॉड्युलर वेळेचा, म्हणजे चाळीस प्रश्न बेचाळीस मिनिटांत, सराव वेगळा करा.

इंटर्नशिप बुडवू नका. कोर्सच्या नादात ग्रामीण आरोग्य केंद्रावरची फेरी सहीपुरती करणारी मुलं सगळ्याच कॉलेजांत असतात. त्या तीन महिन्यांत पाहिलेला लेप्टोस्पायरोसिसचा रुग्ण, घोणस चावून सुजलेला पाय, रक्तक्षयाने पांढरी पडलेली गरोदर बाई हे पुढे प्रश्नपत्रिकेत हकिकत बनून येतात. प्रश्नांचा कल पाठांतराकडून रुग्णाच्या हकिकतीकडे वळला आहे. रुग्ण पाहिलेल्याला त्रेसष्ट सेकंद पुरतात.

आणि आईवडिलांनो, ‘कितवा आलास?’ हे दर रविवारी विचारू नका. त्या मुलाने एकदा सगळ्यात अवघड दार ओलांडलेलं आहे. एमबीबीएस हीच एक पूर्ण पात्रता आहे. तालुक्यात चांगला एमबीबीएस डॉक्टर मिळणं आजही भाग्याचं आहे, हे त्याला घरातून ऐकू आलं पाहिजे. अभ्यासिकेतून उशिरा घरी आलेलं मूल गप्प असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर ते ताणाखाली आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांनाही डॉक्टर लागतो.

काय करता येईल

अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, शंभर जागांचं. त्याची पहिली तुकडी २०२१-२२ ची. रायगडच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेली ही पहिली पिढी. तीही लवकरच कोर्स लावील; तिने लावावाच. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला अभ्यास आणि रुग्ण यांतून एक निवडायला लावू नये.

त्यासाठी फार मोठं काही नको. बंधपत्राच्या वर्षात डोंगरी, दुर्गम भागात केलेल्या कामाला पदव्युत्तर प्रवेशात मोजता येईल असं वजन द्या. देशाच्या नियमांत दुर्गम भागातल्या सेवेला दरवर्षी दहा टक्के, कमाल तीस टक्के जादा गुण देण्याची सोय होतीच. ती सगळीकडे सारखी वापरली गेली नाही. उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस वरिष्ठ तज्ज्ञांनी बंधपत्रावरच्या डॉक्टरांना शिकवावं, वाचायला एक खोली आणि चांगलं इंटरनेट द्यावं. परीक्षेची तारीख एकदा जाहीर झाली की ती पाळावी. पदविकेच्या जागा ज्या रुग्णालयात तज्ज्ञ नाहीत तिथे आधी द्याव्यात, आणि त्या घेणाऱ्याने त्याच जिल्ह्यात काही वर्षं काम करावं. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावरचं आरक्षण रद्द केलं. आता रायगडच्या मुलाला रायगडचा म्हणून कोणी जागा देणार नाही, आणि बाहेरून आलेल्याला इथे कायमचं राहायला कोणी भाग पाडणार नाही. मग इथे येऊन काम करावंसं वाटेल अशी रुग्णालयं उभी करणं, एवढंच आपल्या हातात उरतं. बावस्कर जालन्याहून आले होते. त्यांना रायगडने जन्माचा प्रश्न दिला आणि ते इथेच राहिले. असे प्रश्न घेऊन पदव्युत्तर शिकायला जाणारा डॉक्टर परत येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. तो प्रश्न पडण्याइतका वेळ त्याला रुग्णाजवळ मिळू द्यावा, हे काम शासनाचं आहे, महाविद्यालयांचं आहे आणि मुलगा कधी एकदा पीजीला लागतो याची वाट बघणाऱ्या आपल्या घरांचंही आहे.